यात शेंगदाणे आहेत

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत डॉ. नलिनी देवतळे यांच्याविषयी एक तक्रार होती. ताईंच्या घरी आग्रह होत नाही. जेवायला बोलावतात, हौसेने चार पदार्थ करतात, टेबलावर मांडतात आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतात. 'घ्या' म्हणत नाहीत. वाढायला येत नाहीत. 'तुम्ही काहीच खाल्लं नाही' हे वाक्य त्या घरात ऐकू येत नाही. शिवाय प्रत्येक भांड्यापुढे पांढऱ्या कार्डाचा एक तुकडा उभा असतो आणि त्या पदार्थात काय काय पडलं आहे ते त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असतं.

२००७ साली एका चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीपुढे असंच एक कार्ड होतं. 'यात शेंगदाणे आहेत.'

मंडळातल्या बोलक्या जोशीकाकांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "ताई, खिचडीत दाणे असतात हे लिहून ठेवायला लागतं का? उद्या तांब्यावर लिहाल, यात पाणी आहे."

सगळे हसले. ताईही हसल्या.

"लागतं बाप्पा, लिहायला लागतं."

"अमेरिकन झालात तुम्ही."

"तीस वर्षं झाली. आता नाही तर कधी होणार?"

कार्ड मात्र त्यांनी उचललं नाही.

मी ताईंना २००३ पासून ओळखत होतो. तेव्हाच्या ताई वेगळ्या होत्या. ताटावर हात आडवा धरला तर त्या हातावर वाढत. माझी बायको मेघना पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवून आली तेव्हा गाडीत बसल्यावर म्हणाली होती, "जेवायला बोलावलं होतं की परीक्षेला?" तिने ते गमतीत म्हटलं होतं. पुढे कळलं की ताई खरोखरच जेवू घालून परीक्षा घेत असत, आणि त्याचे त्यांना पैसे मिळत.

मेघनाची नोकरी शॉमबर्गला होती. तिच्या व्हिसावर मी आलो होतो. नागपूरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो, इथे मला काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा ताईंनी बोलावून घेतलं. त्या मानसशास्त्रज्ञ होत्या. कंपन्यांना माणसं निवडून देणाऱ्या एका संस्थेत बँकेचे अधिकारी, गोदामांचे व्यवस्थापक अशा लोकांच्या मुलाखती घेत. काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाने त्या संस्थेला काम दिलं आणि संस्थेने ते ताईंच्या गळ्यात घातलं. दर जूनअखेर हे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. ज्यांची नावं पुकारली जातात त्यातल्या वरच्या मुलांचं आयुष्य त्या संध्याकाळी बदलतं. बाकीचे परदेशात खेळायला जातात किंवा घरी. त्याआधी शिकागोत शिबिर भरायचं. मुलं दिवसा मैदानावर खेळून दाखवत आणि संध्याकाळी हॉटेलच्या खोल्यांतून एकेका संघापुढे मुलाखतीला बसत.

एका संघासाठी त्या खोलीत ताई असत. मुलाखतीच्या कॅसेट ऐकून टाइप करायच्या, हे माझं काम होतं.

"पेपरात डेस्कवर काम केलेला आहेस," त्या म्हणाल्या, "शब्द खाणार नाहीस. बाकी तुला बास्केटबॉल कळतो का?"

"नाही."

"मलाही नाही. चेंडू जाळीत गेला की टाळी वाजवायची, एवढं येतं. ते बघायला त्यांच्याकडे पन्नास माणसं आहेत."

ताई जेमतेम पाच फूट होत्या. केस पांढरे, कापलेले. पँट, त्यावर लोकरीचं जाकीट आणि कपाळावर बऱ्यापैकी मोठी टिकली. खोलीत शिरणारा मुलगा दारात वाकून आत येई आणि समोर ही बाई बघून आधी तिच्या मागे कुणी आहे का ते पाही. त्या त्याला मऊ खुर्ची देत आणि स्वतः टेबलाजवळच्या साध्या, बुटक्या खुर्चीवर बसत. "मुलाखत म्हणजे पाहुणचार," असं त्यांचं मत होतं. "पाहुणा कसा आहे ते घरच्या बाईला कळतं. यजमानाला नंतर सांगावं लागतं."

इतर संघ मुलांना ठरावीक प्रश्न विचारत. तुझा आदर्श कोण, दबावाखाली काय करतोस. मुलांच्या एजंटांनी त्यांची उत्तरं पाठ करून घेतलेली असत. ताईंचे प्रश्न पाठ करता येण्यासारखे नव्हते. लहानपणी तुमच्या घराला रात्री कुलूप कोण लावायचं? तुझ्या संघात सगळ्यात कमी खेळायला मिळालेला मुलगा कोण, त्याचं नाव काय? एका नामांकित खेळाडूला ते नाव आठवलं नाही. ताईंनी तेवढंच लिहिलं, पुढे काही मत दिलं नाही. "माझं मत कशाला? त्यालाच आठवलं नाही."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मोठ्या गोष्टीत माणूस सावध असतो. लहान गोष्टीत पकडा."

संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या लोकांचा प्रमुख रॉन नावाचा उंच, वाकलेला माणूस होता. त्याला देवतळे म्हणता येत नसे. तो 'डॉक' म्हणे. सुरुवातीला तो ताईंचे अहवाल वरवर चाळून बाजूला ठेवी. २००४ साली ते बदललं. त्या वर्षी दक्षिणेतल्या खेड्यातला एक आडदांड मुलगा आला आणि पूर्ण मुलाखत गालिच्याकडे बघत बसला. त्या दिवशी खोलीत बसलेल्या रॉनने त्याच्यावर फुली मारली. "डोळ्यांत बघत नाही. काहीतरी लपवतोय."

"तुझ्या डोळ्यांत बघत नव्हता," ताई म्हणाल्या. "पाणी घेऊन आलेल्या मुलीच्या डोळ्यांत बघून थँक यू म्हणाला. मोठ्यांपुढे मान खाली आणि बरोबरीच्यांपुढे वर. याला लपवणं म्हणत नाहीत रॉन, वळण म्हणतात. माझ्या भावाला आमच्या वडिलांच्या डोळ्यांचा रंग विचारशील तर सांगता येणार नाही."

संघाने तो मुलगा घेतला. तो शांतपणे, चुका न करता खेळत राहिला. त्यानंतर ताईंचा अहवाल बैठकीत आधी वाचला जाऊ लागला.

लाडूही त्याच सुमाराला प्रसिद्ध झाले. ताई पहिल्या वर्षापासून स्टीलच्या डब्यात दाण्याचे लाडू नेत. दाणे भाजून, कूट करून, गुळात वळलेले. डबा गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवलेला असे. सुरुवात निव्वळ पाहुणचार म्हणून झाली. पोरं दिवसभर धावलेली असत आणि आपल्या समोर कुणाला कोरडं बसवायचं हे ताईंना जमत नसे. पण बघता बघता त्यांना त्यात दिसू लागलं. कुणी विचारतो हे काय आहे. कुणी न विचारता तोंडात टाकतो. कुणी हुंगून परत ठेवतो. कुणी अर्धा खाऊन उरलेला बशीत टाकतो, आणि पानात टाकणारा माणूस ताईंच्या मनातून तिथेच उतरे. एक मुलगा म्हणाला होता, "माझ्या रूममेटसाठी एक नेऊ का?" त्याच्या अहवालात ताईंनी एक ओळ जास्त लिहिली.

रॉनला हे कळलं तेव्हा त्याला फार मजा वाटली. तो मुलाखत संपली की दार किलकिलं करून विचारी, "डॉक, लाडू पास की नापास?" तो 'लाडू' शब्द बरोबर उच्चारायला शिकला. देवतळे शिकला नाही. त्याने ही गंमत इतर संघांतल्या मित्रांना सांगितली. हॉटेलच्या बारमध्ये त्यावर विनोद होऊ लागले. ताईंना हे आवडत होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण त्या वर्षीपासून लाडू जरा मोठे वळले जाऊ लागले.

२००५ च्या जूनमध्ये टेरेन्स आला. मध्यम दर्जाच्या कॉलेजातला, रेंगाळत बोलणारा, पावणेसात फुटी मुलगा. त्याला मावशीने वाढवलं होतं. मावशी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. तो पहिल्या काही नावांत पुकारला जाणार नव्हता, पण शेवटाकडे कुणीतरी घेईलच, असं सगळ्यांचं म्हणणं होतं.

त्याची कॅसेट मी घरी टाइप केली. कुलपाच्या प्रश्नाला तो म्हणाला होता, मावशी लावायची, मग मी उठून पुन्हा बघायचो. कमी खेळलेल्या मुलाचं नाव त्याने लगेच सांगितलं, त्याच्या आईचंही. मग डब्याच्या झाकणाचा आवाज. मग त्याचा आवाज: "यात काय आहे, मॅम?" मग ताईंचं हसणं. "आधी खा, मग सांगते. आमच्याकडे पाहुण्याने चौकशी करायची नसते." मग थोडी शांतता, पाणी ओतल्याचा आवाज आणि कागदी नॅपकिनची चुरचुर.

"कसा होता?"

"फार छान, मॅम. असा कधी खाल्ला नव्हता."

"मग अजून एक. माझ्यासाठी."

पुन्हा चुरचुर. "थँक यू, मॅम."

ताई पाणी ओतायला वळल्या होत्या तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या आरशात त्यांना तो दिसला. त्याने लाडू नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात घातला. दुसराही तसाच घातला. आणि वर तोंड करून सांगितलं की असा कधी खाल्ला नव्हता.

अहवालात ताईंनी तीन वाक्यं लिहिली. हा मुलगा नको असलेली गोष्ट नको म्हणत नाही, लपवतो. विचारलं असता सहज आणि गोड खोटं बोलतो. पूर्ण मुलाखतभर त्याचा एक हात डाव्या खिशावर होता, तो हात काय झाकत होता ते मला कळलं नाही.

रॉनने ते वाचून शीळ घातली. त्या संध्याकाळी बारमध्ये ही गोष्ट त्याने सांगितली असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघाच्या एका माणसाने लिफ्टमध्ये ताईंना विचारलं, "खिशात लाडू घालणारा तो टेरेन्सच का?" पोरगं मैदानावर सराव करत होतं तेव्हा कठड्याला टेकलेली माणसं आपापल्या खिशांवर थाप मारून हसत होती, असंही नंतर ऐकलं.

ड्राफ्टच्या संध्याकाळी मी आणि मेघना ताईंच्या घरी होतो. टीव्हीवर एकेक नाव पुकारलं जात होतं. टेरेन्सचं नाव आलं नाही. शेवटचं नाव झालं तेव्हा ताई चहाचे कप गोळा करत होत्या.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "इतरांनाही दिसलंच असणार."

पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच हॉटेल होतं. त्या वर्षी आवाज टिपण्याचं यंत्र बिघडलं होतं म्हणून हाताने लिहून घ्यायला मी ताईंबरोबर गेलो होतो. ताईंनी टेबलावर डबा उघडला होता. संघाचा म्हातारा ट्रेनर फिल बर्फाची पिशवी घेऊन जाता जाता डोकावला. मुलांचे पाय बांधणं, औषधं सांभाळणं हे त्याचं काम होतं. त्याने डब्यात बघितलं.

"डॉक, हे दाण्याचे आहेत का?"

"हो. घे ना, फिल."

"मी घेईन. पण पोरांना देताना जरा जपा. मागच्या वर्षी एक होता, त्याच्या मेडिकलच्या कागदात आलं होतं. दाण्याचा कण पोटात गेला तरी घसा बंद. घसा धरला की लगेच टोचायच्या औषधाची सुई खिशात घेऊन फिरायचा तो."

"कुठला मुलगा?"

फिलला नाव आठवायला वेळ लागला. "तो रेंगाळत बोलणारा. टेरेन्स. त्या डॉक्टरी गोष्टी एजंट लोक तुमच्यापर्यंत येऊ देत नाहीत. आजाराचा उल्लेख केलास तर याद राख, अशी पोरांना तंबी असते."

"कुठल्या खिशात?" ताईंनी विचारलं.

"काय?"

"सुई. कुठल्या खिशात ठेवायचा?"

फिल बुचकळ्यात पडला. "ते मला कसं आठवणार?"

तो गेल्यावर ताईंनी डब्याला झाकण लावलं. त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या मुलाखती त्यांनी घेतल्या. प्रश्न तेच विचारले. डबा खुर्चीखाली होता.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, जुनी कॅसेट मागितली आणि आमच्या स्वयंपाकघरात बसून ऐकली. 'यात काय आहे, मॅम?' इथे त्यांनी थांबवायला सांगितलं. मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितलं. मग स्वतःचं हसणं ऐकलं. तेही पुन्हा.

"विचारलं होतं रे त्याने," त्या म्हणाल्या. "सरळ विचारलं होतं."

मेघनाने चहा पुढे ठेवला. ताईंनी तो घेतला नाही. मेघना म्हणाली, "ताई, त्याने सांगायला हवं होतं ना. तुम्हाला कसं कळणार?"

"कसं सांगेल? एजंट म्हणतो बोलू नको. मावशीने शिकवलेलं असणार की कुणी पुढे केलेलं नाकारू नको. आणि मी म्हणते माझ्यासाठी अजून एक." त्यांनी कप बाजूला सरकवला. "त्या शिबिराला आलेल्या सगळ्या पोरांत माझं मन राखण्यासाठी खिशात विष घालून घेणारा तो एकटा होता. आणि मी त्याला खोटारडा ठरवला."

रॉनला त्यांनी पत्र लिहिलं. मग फोन केला. मग त्याच्या ऑफिसात गेल्या. तिथलं बोलणं त्यांनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं सांगणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता.

"डॉक," रॉन म्हणाला होता, "मनाला लावून घेऊ नका. त्याचे पाय हळू होते. लाडवामुळे कुणी कुणाला सोडत नाही."

"मग माझे अहवाल कशाला घेता?"

"तसं नाही. अहवाल महत्त्वाचे असतातच."

"दोन्ही कसं खरं असेल? अहवालाला वजन असेल, तर मी त्या मुलाचं नुकसान केलं. वजन नसेल, तर इतकी वर्षं मी तुझ्या पैशाने लाडू वाटत फिरले. कुठलं ते सांग. दोन्हीची लाजच वाटायची आहे, पण कुठली ते कळू दे."

रॉनने खांदे उडवले आणि टेरेन्स तुर्कस्तानात खेळायला गेल्याचं सांगितलं. चुकीची दुरुस्ती म्हणून इतर संघांना काही कळवता येईल का, असं ताईंनी विचारलं. काय कळवणार, रॉन म्हणाला. बारमध्ये सांगितलेल्या गोष्टीची दुरुस्ती कशी करतात?

ताईंनी ते काम सोडलं. संस्थेतली नोकरी चालू ठेवली, पण मुलाखती घेणं कमी करून लेखी चाचण्यांकडे वळल्या. लहान गोष्टीत पकडा, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी परत ऐकलं नाही. त्याच काळात घरातला आग्रह थांबला आणि कार्डं आली. मंडळात कुणालाही त्यांनी कारण सांगितलं नाही. कुणी येणार असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारत, "काही चालत नाही असं आहे का?" लोकांना वाटे, वयाबरोबर बाई विक्षिप्त होत चालली. एका गणपतीत त्यांनी प्रसादाच्या पंचखाद्यापुढेही कार्ड ठेवलं तेव्हा जोशीकाका म्हणाले, "देवालाही ॲलर्जी आहे वाटतं." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कार्ड जरा पुढे सरकवलं, सहज दिसेल असं.

एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमच्या पेपरात एखाद्याबद्दल चुकीचं छापलं गेलं तर काय करायचात?"

"खुलासा छापायचो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. खाली, कोपऱ्यात."

"आणि ज्याच्याबद्दल छापलं त्याला विचारायचात का, छापायच्या आधी?"

"नियम होता तसा."

"चांगला नियम आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नाही. आमच्याकडे त्याला न कळू देता बघणं यालाच कौशल्य म्हणतात." मग म्हणाल्या, "मला कोपरा तरी कुठे आहे खुलासा छापायला?"

२००८ च्या वसंतात मेघनाला दूर दक्षिणेकडच्या कॅरी गावात नोकरी मिळाली आणि आम्ही सामान बांधायला लागलो. तेव्हा ताईंचा फोन आला. टेरेन्स परत आला होता. तुर्कस्तानात गुडघा दुखावला, खेळणं संपलं. आता पश्चिमेकडच्या एका उपनगरात, नगरपालिकेच्या क्रीडागृहात मुलांना शिकवत होता. ही माहिती त्यांना फिलने दिली होती.

"शनिवारी मला तिथे नेशील का?"

"तुम्ही तर रोज गाडी चालवता, ताई."

"मी चालवली तर अर्ध्यातून परत वळेन."

वाटेत त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बरोबर काहीही आणलं नव्हतं. पूर्वी त्या कुणाकडे रिकाम्या हाताने गेल्याचं मला आठवत नाही.

"काय बोलणार आहात?"

"तीनच वाक्यं. तीन वाक्यांत लिहिलं होतं, तीन वाक्यांत सांगीन. मी कोण. मी काय पाहिलं असं मला वाटलं. आणि ते मी कुणाला सांगितलं."

"आणि माफी?"

"ती मागितली की त्याला द्यावी लागते. आग्रहच तो."

क्रीडागृहाची पार्किंगकडची भिंत काचेची होती. मी गाडीतच थांबलो. आत दहा-बारा वर्षांची मुलं दोन रांगांत उभी राहून चेंडू फेकत होती आणि त्यांच्यामध्ये टेरेन्स जरा लंगडत फिरत होता. ताई दारातून आत गेल्या. त्याने पाहिलं, क्षणभर थांबला आणि मग त्याचा चेहरा उजळला. तो वाकून बोलू लागला. बराच वेळ तोच बोलत होता. एकदा त्याने छातीवर हात ठेवला. ताई मान हलवत होत्या. मग त्यांनी त्याच्या दंडाला हात लावला आणि वळून बाहेर आल्या.

गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला. मी किल्ली फिरवली नाही.

"सांगितलं?"

"त्याने मला ओळखलं," ताई समोर बघत म्हणाल्या. "मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, 'मॅम, इतकी वर्षं माझ्या मनात आहे, तुम्ही हाताने केलेली ती गोष्ट मी लॉबीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. आणि तुमच्याशी खोटं बोललो. मावशीला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं.' मग त्याने दाण्याचं सांगितलं. एजंटचं सांगितलं. म्हणाला, 'मला फार लाज वाटते, मॅम.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

आतून चेंडू आपटल्याचा आवाज येत होता.

"मी म्हटलं, काही हरकत नाही."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"मी त्याला माफ केलं, संजय. मी. त्याला." त्या पट्ट्याच्या कडीशी चाळा करत होत्या. "आपलं नाव का आलं नाही ते त्याला अजून माहीत नाही. त्याला वाटतं, पाय हळू होते."

"चला मग," मी म्हटलं. "घरी जाऊ."

मला वाटलं, त्यांना तेच ऐकायचं आहे. त्यांनी पट्टा काढला, दार उघडलं आणि त्या पुन्हा क्रीडागृहाकडे निघाल्या.

मुलांचा सराव चालू होता. या वेळी ताई लगेच पुढे गेल्या नाहीत. आपल्या मुलांना न्यायला आलेल्या आईबापांच्या रांगेत, भिंतीला लागून, पर्स दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मुलं एकेक करून गेली. टेरेन्सने चेंडू जाळीच्या पिशवीत भरले आणि मग त्याला त्या दिसल्या. तो हसत जवळ आला.

या वेळी ताई बोलल्या. फार वेळ नाही, तीन वाक्यांना लागतो तेवढाच. तो आधी वाकून ऐकत होता. मग सरळ उभा राहिला. त्याचा डावा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

नंतर आत काय बोलणं झालं ते ताईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही कॅरीला आलो. त्यानंतर ताईंशी फोनवर बोलणं होई, पण प्रत्यक्ष भेट झाली नाही. म्हणून ताई म्हटलं की मला काचेतून दिसलेलं तेच दिसतं. रिकामं मैदान. चेंडूंची पिशवी हातात घेऊन उभा असलेला तो उंच माणूस, जो काही बोलत नव्हता आणि जातही नव्हता. आणि त्याच्या छातीएवढ्याही नसलेल्या ताई, ज्या त्याच्या डोळ्यांत बघत नव्हत्या.